गुरुवारी दुपारी चित्रं काढायला जाणारा माणूस

इथे ब्रिटनमध्ये आमच्या ऑफिसच्या टीममध्ये एक पन्नाशीचा गडी आहे, आधी ब्रिटिश आर्मीत होता, अफगाणिस्तानात जाऊन आलेला. परवा स्टँडअप मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, गुरुवारी दुपारी मी नाही, आर्ट थेरपी असते. दाताच्या डॉक्टरकडे चाललोय म्हणावं इतक्या सहज. कुणी हसलं नाही, मॅनेजरने कॅलेंडरमध्ये टाकलं नि विषय संपला. मला मात्र दिवसभर काम सुचेना.

कॅन्टीनमध्ये गाठून विचारलंच. म्हणाला बोलायला गेलं की घसा आवळतो, चारकोल हातात असला की काहीतरी बाहेर येतं. चित्रकला शून्य, नुसते काळे फराटे. तिथे कुणी 'वा छान' म्हणत नाही, 'याचा अर्थ अमुक' असंही सांगत नाही. थेरपिस्ट फक्त विचारते, हा कोपरा कोरा का ठेवलास? कधी तो सांगतो, कधी नाही.

इकडे हे जुनंच आहे म्हणा. एड्रियन हिल नावाचा चित्रकार, पहिल्या महायुद्धात लढलेला, १९३८ मध्ये टीबी होऊन ससेक्समधल्या सॅनेटोरियममध्ये पडला, तिथे पडल्यापडल्या चित्रं काढायला लागला आणि मग दुसऱ्या महायुद्धातून आलेल्या जखमी सैनिकांनाही शिकवू लागला. आर्ट थेरपी हे नाव १९४२ मध्ये त्यानेच दिलं.

आता माझा राग. त्याच संध्याकाळी मामेभावाने पुण्याहून पोस्टर पाठवलं, 'वीकेंडमध्ये सर्टिफाइड आर्ट थेरपिस्ट बना', वर कमळ, खाली गुगल पे नंबर. अरे, इथे हे नाव कायद्याने राखीव आहे! एचसीपीसी म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी ठेवणारी इथली संस्था, तिच्याकडे नोंदणी नसताना लावलं तर गुन्हा, आणि नोंदणीसाठी बहुतेक मास्टर्स करावं लागतं. तुम्ही शनिवारी मंडला रंगवायला शिकणार आणि सोमवारी कुणाच्या तरी मेलेल्या मुलाबद्दल त्याच्याकडून चित्र काढून घेणार? तो माणूस तिथेच कोसळला तर काय करणार, अजून एक स्केचपेन देणार? मंडला रंगवा की खुशाल, छान वेळ जातो, पण त्याला थेरपी म्हणून फी घेऊ नका. भाऊ म्हणाला, दादा तू फार परदेशी झालास.

झालो नाहीये. इथेही आत्महत्या करणाऱ्या चार जणांत साधारण तीन पुरुषच असतात, एवढं सगळं असून. आणि आपल्याकडचे पुरुष मोकळे होतच नाहीत हेही मला पटत नाही. आजी गेली तेव्हा बाबा रडले नाहीत, तेराव्यापर्यंत माळ्यावरचं एकेक भांडं काढून घासत बसले. ढोलपथकात हात सोलेपर्यंत वाजवणारी पोरं काय फक्त बाप्पासाठी वाजवतात? फक्त वादन संपल्यावर त्यांना कुणी काही विचारत नाही, वडापाव देतात.

बायको म्हणते, एवढं सगळं वाचलंयस तर एकदा जाऊन ये ना. मला काय झालंय? झोप कमी आहे, ती सगळ्यांचीच असते. आणि तसंही गुरुवारी दुपारी माझा क्लायंट कॉल असतो.