फुसफुस सेकंड स्टेजमधून, दुखणं फर्स्ट स्टेजमध्ये

माझ्या रेगची, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या रेग्युलेटरची, एक विचित्र सवय होती. सिलिंडर उघडला की सगळं शांत, मग अर्ध्याएक मिनिटाने सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) फुसफुसायला लागायची, पर्ज (तिच्यावरचं हवा सोडायचं बटण) दाबलं की गप्प, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू. तारकर्लीला बोटीवरचा पोरगा पण म्हणाला, "दादा, तुमचो रेग फुसफुसता."

आधी एका सर्व्हिसवाल्याकडे दिला होता, त्याने सेकंड स्टेजचा अ‍ॅडजस्टमेंट स्क्रू आवळून परत दिला. फुसफुस थांबली खरी, पण श्वास ओढायला एवढा जोर लागायचा की खाली मासे बघायचे सोडून माझं लक्ष श्वासावरच. आणि काही दिवसांनी फुसफुस परत हजर!

शेवटी मालवणात ओळखीचे एक काका आहेत, रेग दुरुस्तीचं रीतसर ट्रेनिंग घेतलेले, त्यांच्यासमोर जाऊन बसलो. मी स्क्रू ड्रायव्हर काढला तर म्हणाले, "स्क्रूक हात लावू नको, आधी गेज लाव."

म्हणजे असं बघा, सिलिंडरमध्ये 200 बार, फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा भाग) ते उतरवून साधारण साडेनऊ बारवर आणते आणि तेवढंच होजमधून सेकंड स्टेजला जातं. हे मधलं प्रेशर वाढत गेलं तर सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह आपणहून उघडून हवा सोडतो, मुद्दामच तसा बनवलेला असतो, नाहीतर होज फुटेल. बीसीडीच्या (पाण्यात तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटर होजला गेज लावलं, काटा साडेनऊवर आला आणि थांबायचं नाव नाही, हळूहळू दहा, साडेदहा, अकराच्या आसपास फुस्स. चांगल्या रेगमध्ये पर्ज दाबल्यावर काटा खाली जातो आणि परत येऊन जागच्या जागी खिळतो.

रेग उघडल्यावर (माझा पिस्टनवाला आहे) पिस्टन जिच्यावर टेकून हवा बंद करतो त्या प्लास्टिकच्या सीटवर पिस्टनच्या धारेने गोल खाच पाडलेली, आणि त्या खाचेत एका ठिकाणी बारीक ओरखडा, टॉर्च तिरपा धरला तेव्हाच दिसला. हवा तिथूनच झिरपत होती. पिस्टनची धार भिंगातून तपासली, ती ठीक होती, नाहीतर नव्या सीटचीही वाट लागली असती. ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) पितळी आकड्याने काढल्या, स्टीलच्या टोकाने खोबणीला चरा पडला की कायमचा लीक. ग्रीस अगदी नुसतं चमकेल एवढंच. मग तो आवळलेला स्क्रू सैल करून सेकंड स्टेज पुन्हा सेट केली.

नंतर सगळं प्रेशरखाली ठेवून पाण्याच्या टबात बुडवलं तर प्रेशर गेजच्या सांध्यातून एकेक बुडबुडा. तिथल्या स्पूलवर (गेज आणि होज जोडणारी बारीक नळी) दोन इवल्याशा ओ-रिंगा असतात, त्या बदलल्या. हाय प्रेशरचा लीक ऐकायला भीती वाटते पण त्या पोर्टला आतून टाचणीच्या टोकाएवढंच भोक असतं, हवा हळू जाते. खरी घाई लो प्रेशरचा होज फुटल्यावर, काही मिनिटांत सिलिंडर रिकामा.

सिलिंडर बंद करून, उरलेली हवा सोडून माउथपीसमधून ओढूनही बघितलं, हवा आत येत नव्हती, म्हणजे सेकंड स्टेजमधला डायफ्राम (रबरी पडदा) आणि श्वास बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ठीक. तिथे वाळूचा कण अडकला तरी पाणी तोंडात येतं.

ऑक्टो (जोडीदारासाठीची जादा सेकंड स्टेज) अजूनही कधीकधी पाण्यात पडला की आपोआप हवा सोडत सुटतो, पण तो लीक नाही. माउथपीस वर झालं की डायफ्रामवर पाण्याचा दाब जास्त पडतो, उलटा केला की गप्प.