मॅक्सवेलच्या रात्री अझारियान

७ नोव्हेंबर २०२३. वानखेडेवर ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१, तेव्हा आमचं पान जवळपास लागलं होतं. अफगाणिस्तानच्या विजयाचं शीर्षकही ठरलं होतं. मग पायात गोळे आलेल्या मॅक्सवेलने जागचं न हलता नाबाद २०१ कुटल्या आणि सगळं उपसून टाकावं लागलं. अशा रात्री क्रिकेटबाहेरचं जग सिंगल कॉलमच्या तळाला जातं. त्या तळाशी माझ्याकडे होता अल्बर्ट अझारियान. वयाच्या ९४ व्या वर्षी गेल्याची बातमी.

जागा आठ ओळी. एजन्सीच्या कॉपीत सुरुवातच 'सोव्हिएत जिम्नॅस्ट'. आर्मेनिया तेव्हा सोव्हिएत संघातलं एक प्रजासत्ताक. मी 'आर्मेनियाचा' केलं. रात्रपाळीच्या प्रमुखांनी परत 'सोव्हिएत' केलं.

"अहो, मेलबर्नला कुणाच्या झेंड्याखाली उतरला होता? मग तोच देश."

नियम चुकीचा नाही, हीच पंचाईत. १९५६ चं मेलबर्न आणि १९६० चं रोम, दोन्हीकडे रिंग्जचं, म्हणजे लोंबत्या दोन कड्यांवरच्या कसरतीचं, सुवर्ण त्याचं. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये हा प्रकार जिंकणारा तो पहिलाच. पण त्याच्या आधी, १९५२ ला हेलसिंकीत, रिंग्ज जिंकली होती ह्रांत शाहिनियानने. तोही आर्मेनियन, महायुद्धात पायाला जखम झालेला. म्हणजे सलग तीन ऑलिंपिक ही मक्तेदारी एका चिमुकल्या डोंगराळ प्रजासत्ताकाची, आणि पदकतक्त्यात त्याच्या नावापुढे त्यातलं एकही नाही. स्वतंत्र आर्मेनियाला जिम्नॅस्टिक्समधलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं ते थेट टोकियोत, आर्तुर दावत्यानच्या व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन मारायच्या उडीच्या, कांस्याने.

हे मी प्रमुखांना सांगितलं. ते मॅक्सवेलचे षटकार मोजत होते.

आमच्याकडे जिम्नॅस्टिक्सची कॉपी कुणीही हातावेगळी करतं, कारण वाचणारं कुणी नाही असं डेस्कने ठरवून टाकलंय. पण रिंग्जवरचा क्रॉस म्हणजे काय ते एकदा नीट बघा. रिंग्ज मोकळ्या लोंबतात, आधार शून्य. हात खांद्याच्या रेषेत आडवे, कोपर ताठ, खाली अख्खं शरीर. आजच्या नियमाने तिथे दोन सेकंद थांबायचं. रिंग थरथरली की गुण गेले. अझारियान तिथवर जाऊन वर अंग बाजूला वळवायचा, एक हात समोर, एक पाठीमागे, आणि तसाच थांबायचा. 'अझारियान क्रॉस' म्हणतात तो हाच. वडील लवकर गेले म्हणून आर्मेनियातल्या आताच्या वानाद्झोरमध्ये पोरवयातच लोहारकाम केलेल्या माणसाचे खांदे होते ते.

कापाकापीत ही लोहारकामाची ओळच आधी गेली. "हे पुरवणीला द्या." पुरवणीवाले दिवाळीत आकंठ बुडालेले. मुलगा एडुआर्द १९८० ला मॉस्कोत सांघिक सुवर्ण जिंकला, तीही ओळ गेली. शेवटी छापून आलं 'सोव्हिएत संघाचे आर्मेनियन जिम्नॅस्ट'. ही तडजोड दोघांनाही आवडली नाही.

४ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये दावत्यानने व्हॉल्टचं रौप्य घेतलं. मी बातमीसोबत चौकट केली: शाहिनियान, अझारियान, दोघांपुढे 'तेव्हा सोव्हिएत संघ'. पण त्याच दिवशी हॉकीत श्रीजेशने शूटआउटमध्ये ब्रिटनला अडवलं होतं. चौकट उडाली. दावत्यानला चार ओळी मिळाल्या, 'आर्मेनियाचा' या शब्दासकट, आणि त्या शब्दावर प्रमुखांना पेन चालवायला जागाच नव्हती.