पेटीतली बाराबंदी

डिसेंबर, शेवटचा रविवार, रात्र.

आज पथकाच्या कपड्यांची आणि हत्यारांची लोखंडी पेटी उघडली. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जयंतीची मिरवणूक, म्हणजे हाती जेमतेम दोन आठवडे, आणि यंदा आमच्या मावळ्यांच्या वेशातल्या पथकात सहा नवे पोट्टे. सगळ्यांचं पहिलं बोलणं एकच, "भाऊ, मले तलवार द्या ना आधी." तलवार सगळ्यात शेवटी. आधी कपडे, आणि तेही हातात द्यायचे नाहीत. अंगावर चढवून, दोन्ही हात वर करून, मांडी घालून बसून बघायचे. उभ्या उभ्या छान दिसणारी सुरवार बसताना फाटते.

उसनवारीला बाराबंदीसारखा कपडा नाही. बटणांऐवजी बंदांनी बांधायचा अंगरखा: बारा बंद, म्हणजे सहा गाठी. बटण छातीचं माप पक्कं करून टाकतं, बंद ते मोकळं ठेवतात. म्हणून पेटीत ४० आणि ४४ अशी दोनच मापं. ३६ छातीच्या पोरालाही ४० ची चालते. पल्ला जरा जास्त ओलांडायचा आणि बंद आवळायचे. मोठी आवळता येते, लहान ओढून घातली की काखेत उसवते. काखेत चौकोनी तुकडा जोडून शिवलेली असेल तरच हात डोक्यावर जातो. नवीन शिवायला टाकताना शिंप्याला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो सदऱ्यासारखी बाही लावून मोकळा होतो. मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड, आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेतायला द्यायचा. न भिजवता शिवलेली पहिल्या धुण्यात आखडते आणि ४० ची ३८ होते.

नवखा बाहेरचे बंद आधी बांधतो, मग आतले लोंबत राहतात आणि पल्ला पोटावर उघडतो. आतले आधी. बंद तुटतो तो मधे नाही, मुळाशी, कापडाचा लचका घेऊन. मागून त्याच कापडाचा रुपयाएवढा तुकडा ठेवून आडवी-उभी शिवण मारली की वर्षानुवर्षं टिकतो. ऐनवेळी पिन लावायची नाही. ढाल घासली की पिन उघडते आणि भोक हातभर होतं. सुरवारीच्या नाडीला दोन्ही टोकांना गाठ हवी. नेफ्यात गेलेली नाडी मिरवणुकीत शोधत बसणं म्हणजे नुसता तमाशा.

मुंडासं पाच-सहा मीटरचं. बांधून ठेवलेलं देऊ नये, डोकं बदललं की सैल होतं. आणि आत सुती टोपी प्रत्येकाची स्वतःची. पोट्ट्यांच्या डोक्याला तेल इतकं, की दोन कार्यक्रमांत कापडावर काळा पट्टा उठतो आणि तो नंतर निघत नाही. चक्री पगडी कुणी हौसेने आणली तर परत पाठवायची. ती पेशवाईतली, जिजाऊंचा जन्म १५९८ चा. तसं पाहिलं तर त्यांचे वडील लखुजीराजे जाधवराव यांच्या वाड्यावरचे शिपाई मावळेही नव्हेत, मावळ तिकडे पुण्याकडे, आणि जाधवराव निजामशाहीतले सरदार. पण गावात अंगरखा घातला की तो मावळाच. समजावून सांगतो, पुढच्या वर्षी पुन्हा सांगतो.

चपला कुणाच्या कुणाला द्यायच्या नाहीत. ज्याने त्याने चामड्याच्या वहाणा घ्याव्यात आणि आठ दिवस शेतात घालून मऊ कराव्यात. फक्त हरभऱ्यातून जाऊ नये. सध्या हरभऱ्यावर आंब धरलीय, म्हणजे पानांवरचा आंबट ओलावा. ती चामडं कडक करते आणि लोखंडाला तर खातेच. सरावाहून येताना धुऱ्यावर टेकवलेलं पातं हरभऱ्यात पडलं, तर सकाळपर्यंत तांबूस ठिपके.

आता हत्यारं. पेटीतलं सगळं बोथट, टोक गोल केलेलं. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र कायद्यात येतात, आणि सणासुदीला जिल्ह्यात मनाई आदेशही लागू असतात. म्हणून मिरवणुकीच्या अर्जासोबत ठाण्यात नगांची यादी देऊन पोच घ्यायची. पहिले आठ सराव नव्याला लाकडी काठी. मग ढाल-तलवार. दांडपट्टा पहिल्या वर्षी नाहीच: खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, हात गेला की मनगट अडकतं, पातं लवचिक, आणि चुकलं तर पट्टा हातातून सोडून देता येत नाही. जाळीचं चिलखतही जुन्यांनाच. मोकळ्या कड्या बाराबंदीचे धागे ओढतात, आणि ६ जूनच्या राज्याभिषेक सोहळ्याला आपल्याकडच्या उन्हात ते कुणालाच नको.

म्यानात तलवार ठेवून पेटी बंद करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. चामडं ओल धरतं. पातं कोरड्या फडक्याने पुसायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्यायचा, म्यान वेगळं. खोबरेल नको, थंडीत गोठून पात्यावर पांढरे डाग धरतं आणि खाली उघडं लोखंड राहतं.

कपड्यांवरचे क्रमांक मार्करने लिहिलेले, ते यंदा पुसट झालेत; कॉलरच्या आत लाल दोऱ्याने शिवायला हवे. वहीत समोर क्रमांक, माप, नाड्या किती, बंद किती, आणि घेणाऱ्याची सही. परत घेताना वहीकडे बघत एकेक बंद मोजायचा.

धुवून आणू नका, हे दहादा सांगावं लागतं. घरी लाल शेल्यासोबत भिजवतात, वरून नीळ घालतात. गुलाल आधी कोरडाच झटकायचा, मग गार पाणी. भंडाऱ्याच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. घाबरून घासत बसायचं नाही, उन्हात टाकला की दोन दिवसांत फिका पडतो. पूर्ण वाळल्यावर सुती पिशवीत, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी येते. पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. खिशात फुटाणे राहिले नाहीत ना ते बघायचं, उंदीर फुटाण्यासाठी अख्खी बाराबंदी कुरतडतो.

उद्याचं: नाड्या सहा, सुती टोप्या तीन कमी आहेत, मोच्याकडे दोन म्यानांची शिवण. १४ नंबरच्या बाराबंदीला एक बंद नाही.