निंबोळ्या रुजल्या, पण दुसऱ्या खेपेला

गेल्या जूनमध्ये गंगापूर रोडच्या कडुलिंबाखालून दोन पिशव्या भरून निंबोळ्या वेचल्या, सिन्नरला भावाच्या शेताच्या बांधावर झाडं लावायची होती. घरात पाहुणे आले आणि त्या पिशव्या प्लास्टिकमध्येच गरासकट आठ-दहा दिवस पडून राहिल्या. उघडल्या तर आंबूस वास आणि गरावर कापसासारखी बुरशी. धुतल्या, २०० पिशव्यांत लावल्या.

उगवल्या फक्त ३१. त्यातल्याही निम्म्या रोपांचं देठ मातीलगत बारीक झालं आणि सकाळी उभं असलेलं रोप संध्याकाळी आडवं. मला खात्रीच होती की माती खराब, म्हणून नवीन पोयटा आणायला नर्सरीत गेले तर तिथले काका म्हणाले, "ताई, माती बदलून काय होणार, बी फोडून बघितलं का?" घरी येऊन फोडलं. ताजं बी आतून हिरवट असतं, माझं तपकिरी आणि चिकट झालं होतं. खूप वाईट वाटलं.

भाची बॉटनीत एमएस्सी करतेय. तिनी उरलेल्यातल्या १०० बिया घेतल्या, एका प्लेटमध्ये २५ अशा ओल्या टिपकागदावर मांडल्या आणि ७ दिवस ठेवल्या. याला ब्लॉटर टेस्ट म्हणतात. चौथ्या दिवशी काजळी सांडल्यासारखं दिसायला लागलं, ते तिनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं, एकेका उंच काडीवर काळ्या मण्यांचा गोल गोळा. "मावशी, ही अ‍ॅस्परजिलस नायगर नावाची बुरशी." पिवळट हिरवा होता तो अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, आणि फिकट गुलाबी कापूस म्हणजे फ्युजॅरियम, याही बुरश्याच. ती म्हणाली की बुरशी बियांबरोबरच येते, सालीवर नाहीतर आत, ओल आणि ऊब मिळाली की आधी तीच वाढते आणि बियांतलं तेल, साठवलेलं अन्न फस्त करते, कोंबाला काही उरतच नाही. फ्युजॅरियम तर उगवलेलं रोपही मारू शकतो. शंभरातल्या २२ बियाच रुजल्या.

जुलैत पुन्हा सुरुवात केली. यावेळी झाडाखाली जुनी साडी अंथरली म्हणजे निंबोळी मातीला लागायलाच नको, गर त्याच दिवशी काढला, बिया धुवून सावलीत तीन दिवस वाळवल्या आणि गोणपाटात ठेवल्या. कडुलिंबाचं बी फार दिवस टिकत नाही, लवकर लावलेलं बरं, म्हणून आठवड्याच्या आतच लावल्या. लावायच्या आधी अर्ध्या बियांना ट्रायकोडर्मा चोळलं, किलोला ५ ग्रॅम, भाताच्या पेजेत कालवून. ही सुद्धा बुरशीच, पण दुसऱ्या बुरशीला खाणारी, त्यामुळे तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक वापरायचं नाही, नाहीतर तीच मरते.

ट्रायकोडर्मा चोळलेल्या आणि नुसत्या, दोन्हीकडे शंभर-शंभर पिशव्या होत्या. उगवण जवळपास सारखीच, ७९ आणि ७४, म्हणजे मुख्य फरक ताज्या बियांनीच पडला असं मला वाटतं. पण नंतर मान टाकणारी रोपं ट्रायकोडर्मावाल्यांत ४ आणि नुसत्यांत १९! हे मी रोज सकाळी मोजून वहीत लिहिलंय.

आता करंजाच्या २५ बिया फ्रीजवर ओल्या कागदात ठेवल्यात, आज तिसरा दिवस, एकीवरच पांढरं दिसतंय.