पट्टी निळी झाली नाही, मग माल पाठवू का?

द्राक्षाची काढणी जवळ आली की पिंपळगाव, दिंडोरीकडून फोन सुरू होतात. "सर, तुमच्या पट्टीवर औषध दिसलं नाही, तर माल पाठवू ना? लॅबचा खर्च वाचेल." ही आमची पट्टी द्राक्षाच्या रसात कीटकनाशक (औषध) उरलंय का, ते रंगाने सांगते: निळी झाली तर औषध आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ती कोरी राहिली, तरी तेवढ्यावर पाठवू नका.

पट्टीवरची काळसर पूड म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. लोहाच्या दोन क्षारांच्या द्रावणात अमोनिया घातला की ते तयार होतात, चुंबकाने ओढूनही घेता येतात. हे कण पेरॉक्सिडेज या विकरासारखं (एन्झाइमसारखं) काम करतात, हे २००७ साली चीनमधल्या शियुन यान यांच्या गटाने दाखवलं. हायड्रोजन पेरॉक्साइड सोबत असलं की टीएमबी हे रंगहीन रसायन कणांमुळे निळं होतं. विकर उष्णतेने लवकर बिघडतं, हे कण टिकतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये ही मोठीच सोय.

पण कणांना औषध ओळखता येत नाही. ते काम आम्ही ॲसिटिलकोलिनेस्टरेज या खऱ्याखुऱ्या विकराकडून करून घेतो, आणि ते अजूनही फ्रीजमध्येच जपावं लागतं. ते चालू असलं की त्याला दिलेल्या खाद्यातून थायोकोलीन तयार होतं, आणि थायोकोलीन निळा रंग घालवतं. ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं कीटकनाशक या विकराला बंद पाडतं. मग रंग घालवायला कोणी उरत नाही. म्हणून निळी पट्टी म्हणजे औषध.

खरी अडचण द्राक्षातच आहे. रसातलं क जीवनसत्त्व आणि सालीतली पॉलिफेनॉल्स ही रसायनंही तोच निळा रंग घालवतात. पहिल्या हंगामात मी रसात मोजून औषध घातलं, तरी पट्टी कोरीच राहिली. ती पट्टी बागाईतदाराच्या हातात असती, तर त्याने गाडी भरली असती.

तेव्हापासून प्रत्येक पट्टीशेजारी एक साक्षीदार पट्टी असते. तिच्यावर विकर नाही, त्याचं खाद्य नाही. फक्त कण, पेरॉक्साइड, टीएमबी आणि तुमचा रस. ती निळी व्हायलाच हवी. झाली नाही, तर रंग रसानेच खाल्ला, आणि ती चाचणी बाद. रस पातळ करून पुन्हा करायची. हे सांगायला मी कधीच कंटाळत नाही, कारण चूक इथेच होते.

साक्षीदार निळी झाली तरी केवडा, भुरी या रोगांवरची बहुतेक बुरशीनाशकं या विकराला हात लावत नाहीत, त्यामुळे ती इथे दिसत नाहीत. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाटमुळे. ते वेलीची वाढ रोखणारं रसायन, ही पट्टी ते पकडायला बनवलेलीच नाही.

पट्टी निळी झाली तर काढणी थांबवा आणि नमुना लॅबला द्या. कोरी राहिली तरी निर्यातीच्या मालाचा नमुना द्याच. माझ्याकडे येताना मात्र दोन घड आणि फवारणीची वही, दोन्ही घेऊन या. शेवटची फवारणी कशाची आणि कधी झाली, हे वहीतूनच कळतं.