पाच मार्कांवरचा गरुड

पश्चिम जर्मनीने काढलेले पहिले स्मारक नाणे एका संग्रहालयासाठी होते. न्यूरेनबर्ग येथील ‘गेर्मानिशेस नात्सिओनालमुझेउम’ या राष्ट्रीय संग्रहालयाला १९५२ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने म्युनिकच्या टांकसाळीत पाच मार्कांचे (मार्क हे तेव्हाचे जर्मन चलन) चांदीचे नाणे पाडण्यात आले. नव्या संघराज्याची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि नवा मार्क व्यवहारात येऊन चार. नवी राजवट आपल्या पहिल्या स्मारक नाण्यासाठी बहुधा एखादा नेता किंवा एखादा विजय निवडते. भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाली आणि त्यांच्यावर नेहरूंचीच प्रतिमा होती, हे संग्राहकांना ठाऊक आहेच. जर्मनांसमोर त्या वेळी नाण्यावर निःसंकोचपणे कोरता येईल असा विजय नव्हता आणि अलीकडच्या इतिहासातला सर्वमान्य नेताही सहज सापडण्यासारखा नव्हता. अशा वेळी त्यांनी एक संग्रहालय निवडले, आणि ही निवड मला त्या नाण्यातल्या चांदीपेक्षा मोलाची वाटते.

या संग्रहालयाची स्थापना झाली तेव्हा ‘जर्मनी’ नावाचे एकसंध राष्ट्र अस्तित्वातच नव्हते. सुमारे चाळीस लहानमोठी राज्ये एका सैल संघात बांधलेली होती, आणि त्यांना एकत्र आणू पाहणारी १८४८ ची क्रांती नुकतीच फसली होती. राजकारणाने जे साधले नाही ते निदान विद्येच्या क्षेत्रात साधावे, अशा भावनेने हान्स फोन उंड त्सू आउफसेस या फ्रँकोनियातील सरदाराने आपला ध्यास पुढे रेटला आणि १८५२ च्या ऑगस्टमध्ये ड्रेस्डेन येथे भरलेल्या इतिहासप्रेमींच्या सभेने संग्रहालय स्थापण्याचा निर्णय घेतला. जर्मन भाषक प्रदेशाच्या इतिहासाची, साहित्याची आणि कलेची जी साधने विखुरलेली आहेत त्या सगळ्यांची एक सर्वसमावेशक सूची तयार करावी, ही त्या सरदाराची मूळ कल्पना होती. काम प्रचंड होते आणि त्याने आखले तसे ते पुरे होणे शक्यच नव्हते, पण त्यातून वस्तूंचा संग्रह मात्र वाढत गेला. १८५७ पासून संग्रहालय कार्थुशियन या ख्रिस्ती पंथाच्या एका जुन्या मठात नांदू लागले. आल्ब्रेख्त ड्युररची चित्रे तेथे आहेत, आणि मार्टिन बेहाइमच्या पुढाकाराने १४९२ च्या सुमारास तयार झालेला पृथ्वीचा गोलही तेथेच आहे. आज उपलब्ध असलेल्या पृथ्वीगोलांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो, आणि त्यावर अमेरिका खंड नाही, कारण कोलंबसाच्या सफरीची वार्ता युरोपात पोहोचण्याआधीच त्याचा नकाशा ठरला होता.

न्यूरेनबर्ग हे नाव १९५२ मध्ये उच्चारणे सोपे नव्हते. नाझी पक्षाचे मेळावे याच शहरात भरत असत, ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेणारे कायदे १९३५ मध्ये येथेच जाहीर झाले, आणि युद्ध संपल्यावर नाझी पुढाऱ्यांवरचे खटलेही येथेच चालले. २ जानेवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात जुने शहर जवळजवळ बेचिराख झाले. युद्धात संग्रहालयाच्या इमारतींचीही मोठी हानी झाली, मात्र मौल्यवान वस्तू आधीच सुरक्षित ठिकाणी हलवलेल्या असल्यामुळे संग्रहाचा बराच भाग वाचला. म्हणजे शताब्दीच्या वर्षी संग्रह होता, पण त्याला पुरेसे छप्पर नव्हते. अशा शहराचे नाव देशाच्या पहिल्या स्मारक नाण्याशी जोडताना त्या नावाला दुसरा, जुना आणि विद्येचा अर्थ परत मिळवून देण्याची इच्छा असणार, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष नाणे पाहू. वजन ११.२ ग्रॅम, व्यास २९ मिलिमीटर, आणि हजारी ६२५ चांदी, म्हणजे शुद्ध चांदी बरोबर सात ग्रॅम. ही सर्व मापे त्या काळच्या रोजच्या पाच मार्कांच्या नाण्याचीच आहेत. एका बाजूला संघराज्याचा गरुड, मूल्य आणि म्युनिक टांकसाळीचे ‘डी’ हे चिन्ह आहे. दुसऱ्या बाजूलाही गरुडच आहे, पण तो राजचिन्हातला नाही. संग्रहालयाची इमारत किंवा संस्थापकाचा चेहरा घेणे सोपे होते, तरी कलाकाराने संग्रहातली एक वस्तू उचलली, आणि ती म्हणजे इसवी सन ५०० च्या सुमारास घडवलेला गरुडाच्या आकाराचा सोन्याचा वस्त्रपिन. सुमारे बारा सेंटिमीटर उंचीच्या या दागिन्याची मान एका बाजूला वळलेली आहे, पंख अंगाशी मिटलेले आहेत, आणि छातीवर एक गोल असून त्यात क्रूस आहे. पूर्व गॉथ या प्राचीन जर्मानिक जमातीतील स्त्रिया असे पिन जोडीने वापरत आणि त्यांनी खांद्यांवर वस्त्र अडकवत.

हा दागिना सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या करून बनवलेल्या बारीक कप्प्यांचा आहे आणि त्या कप्प्यांत लाल गार्नेटचे तुकडे नेमके कापून बसवलेले आहेत. नाण्यात रंग येणार नाही, त्यामुळे लाल खड्यांची सगळी शोभा केवळ कप्प्यांच्या रेषांवर पेलावी लागणार होती, आणि ती पेलली गेली आहे. माझ्याकडचे नाणे चलनात फिरलेले आहे. त्यातल्या छातीवरच्या गोलाच्या रेषा झिजून एकमेकींत मिसळल्या आहेत, पण पंखांवरचे कप्पे भिंगाखाली अजून एक एक मोजता येतात. गरुडाच्या पिसांचे हुबेहूब चित्रण न करता सोनाराने केलेली विभागणीच तशीच्या तशी उमटवल्यामुळे हे नाणे पक्ष्याचे न वाटता दागिन्याचे वाटते. कलाकाराचा हा संयम मला अत्यंत प्रशंसनीय वाटतो.

युरोपातील त्या काळच्या अशा दागिन्यांतील गार्नेटचे रासायनिक विश्लेषण झाले आहे, आणि त्यांतले पुष्कळ खडे भारतातून व श्रीलंकेतून गेले होते, असे त्यातून दिसून आले. नाण्यावरच्या याच गरुडाचे खडे कोठले, याबद्दल मी काही विधान करणार नाही. तरीही हा निष्कर्ष वाचल्यापासून त्या नाण्याकडे पाहताना मला ते पूर्वीइतके परके वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला खटकते. हा दागिना जर्मन भूमीत सापडलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सान मारिनोमधील दोमान्यानो येथे एक निधी मिळाला, त्यातला हा भाग आहे. तो निधी विकला गेला आणि त्याचे तुकडे निरनिराळ्या संग्रहांत विखुरले. न्यूरेनबर्गच्या गरुडाचा जोडीदार आज अबू धाबीच्या लूव्र संग्रहालयात आहे. पूर्व गॉथ लोकांना ‘जर्मनांचे पूर्वज’ म्हणण्याची एकोणिसाव्या शतकातली पद्धत पुढे नाझींनी कोणत्या टोकाला नेली हे माहीत असताना, १९५२ मध्ये नेमकी हीच वस्तू निवडली जाणे मला थोडे धाडसाचे, थोडे बेसावधपणाचे वाटते. ड्युररचे एखादे रेखाटन किंवा बेहाइमचा गोल घेतला असता तर हा प्रश्न उद्भवला नसता. पण नाणे म्हणून ते इतके देखणे झाले नसते, हेही मान्य केले पाहिजे.

एकूण सुमारे २ लाख नाणी पाडली गेली आणि त्यांपैकी प्रूफ दर्जाची, म्हणजे संग्राहकांसाठी विशेष काळजीने चकचकीत पाडलेली, फक्त १,२४० च्या आसपास होती. त्या काळी स्मारक नाणी जपून ठेवण्याची सवय जर्मनीत फारशी रुजलेली नव्हती, आणि पाच मार्क ही खर्चाच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती, त्यामुळे पुष्कळ नाणी बाजारहाटात गेली आणि झिजली. यानंतर १९५५ मध्ये कवी व नाटककार शिलर आणि बाडेन राज्याचा मार्कग्राफ (अधिपती) लुडविग विल्हेल्म, १९५७ मध्ये कवी आयखेनडोर्फ आणि १९६४ मध्ये तत्त्वज्ञ फिख्टे यांची नाणी निघाली. या सर्वांना मिळून संग्राहक ‘पहिली पाच’ म्हणतात, आणि त्यांत संग्रहालयाच्या नाण्याला सर्वाधिक मागणी असते. साहजिकच त्याच्या बनावट प्रतीही बाजारात आहेत. खरेदी करणाऱ्याने आधी वजन आणि व्यास तपासावा, मग कडेवरचा मजकूर आणि ‘डी’ चिन्ह खात्रीच्या नाण्याशी ताडून पाहावे, आणि शेवटी पंखांवरच्या कप्प्यांच्या रेषा भिंगाखाली घ्याव्यात. साच्यात ओतून केलेल्या नकलेत या रेषांच्या कडा बोथट आणि गोलसर दिसतात, तर खऱ्या नाण्यात झीज असली तरी खोलगट भागातल्या रेषा धारदार राहतात. जर्मन मध्यवर्ती बँक जुने मार्क आजही मुदतीची अट न घालता ठरलेल्या दराने बदलून देते, आणि त्या हिशेबाने पाच मार्कांचे सुमारे २.५६ युरो होतात. अर्थात हे नाणे त्या खिडकीवर नेण्याचे कारण कोणाही संग्राहकाला उरलेले नाही.