तुम्ही विचारलंत म्हणून: कट रजिस्टरातच का सापडतो?

“घातपाताचा एवढा मोठा कट, आणि तो पकडला जातो लॉजच्या रजिस्टरामुळे? एक तरी चकमक हवी होती हो!” माझी कादंबरी वाचलेले बहुतेक जण हेच म्हणतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ही कादंबरी सुचली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटावरून. १९ एप्रिल १९९५, सकाळचे ९ वाजून २ मिनिटं. सरकारी इमारतीसमोर उभा केलेला भाड्याचा ट्रक फुटला आणि १६८ माणसं गेली. त्यांत १९ मुलं, बहुतेक दुसऱ्या मजल्यावरच्या पाळणाघरातली. पहिला संशय गेला अरबांवर. जॉर्डनहून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका निरपराध माणसाला तर प्रवासातून उतरवून चौकशीला बसवलं. स्फोट घडवणारा टिमोथी मॅक्व्हे मात्र निघाला अमेरिकेचाच माजी सैनिक, आखाती युद्धात लढलेला.

तो सापडला कसा? ट्रकचा मागचा ॲक्सल दूर उडून पडला होता. त्याच्यावरच्या नंबरावरून कॅन्सस राज्यातल्या जंक्शन सिटीचं भाड्याने गाड्या देणारं दुकान मिळालं. तिथे त्याने खोटं नाव दिलं होतं. दुकानातल्या लोकांनी चेहरा सांगितला, चित्र काढलं गेलं. ते घेऊन पोलीस गावात फिरले, तेव्हा एका मोटेलच्या मालकिणीने ओळखलं. तिच्याकडे मात्र त्याने खरं नाव लिहिलं होतं! नाव यंत्रणेत घातलं, तर हा आधीच कोठडीत. स्फोटानंतर दीड तासाच्या आत महामार्गावर एका पोलिसाने त्याची पिवळी गाडी अडवली होती, कारण मागे नंबरप्लेट नव्हती. जॅकेटखाली फुगवटा दिसला, पिस्तूल निघालं. एफबीआयचा निरोप पोचला तेव्हा तो जामिनाच्या सुनावणीची वाट बघत बसला होता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झोप लागली नाही. हीच चिकाटी आधी कुणाला सुचली असती तर, हा विचार डोक्यातून जाईना. म्हणून माझ्या कादंबरीत स्फोट होत नाही. माझे अधिकारी आधी स्वतःच्या मनातला ठरलेला संशयित खोडतात आणि मग कागद चाळायला बसतात.

आणि रजिस्टर मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझे बाबा मिरजेत एका लॉजच्या काउंटरवर बसायचे. दवाखान्यासाठी आलेली माणसं रात्री-अपरात्री टेकायची. नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार. रकाना रिकामा दिसला की बाबा किल्ली हातातच ठेवायचे. “दादा, एवढं भरा नि मग निवांत झोपा.” रात्री हवालदार यायचे, बोट फिरवत पान वाचायचे, सही करून जायचे. त्या वह्यांच्या कडा तेलकट बोटांनी काळ्या झालेल्या असत.

हस्तलिखित सगळ्यांत आधी बाबांनाच वाचायला दिलं. तीन दिवसांनी म्हणाले, “तुझ्या त्या पाहुण्याची खोली सोडल्याची वेळ कुठंय?”

ती मी त्याच रात्री घातली. पुढचं सगळं प्रकरण त्या वेळेवर उभं आहे.